पाण्याचा धीर

नर्सबाईंनी हातात ठेवलेली चिठ्ठी मी चष्मा न लावताच वाचली. तो आकडा मला चष्म्याशिवाय वाचता येतो. गेली सव्वीस वर्षं मी तो रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला वाचतो, वहीत लिहितो आणि पुढे सही ठोकतो. फरक इतकाच, की तो तलावाच्या पाण्याचा पीएच असतो आणि हा माझ्या ताईच्या रक्ताचा होता. सात पूर्णांक शून्य आठ. वर तिचं वय, त्रेसष्ट. खाली हा आकडा, आणि त्याच्या शेजारी खाली तोंड केलेला एक काळा बाण. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! जलतरण तलावात सात शून्य आठ म्हणजे पाणी जरा आंबट झालंय, सोडा कालवून सोडायचा, दोन तास पंप फिरवायचा, संध्याकाळची बॅच येईपर्यंत सगळं जागेवर. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण समोरच्या डॉक्टर, वयाने माझ्या निम्म्या, त्या चिठ्ठीकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर माझ्या ओळखीची होती. तळाशी गेलेलं माणूस जरा जास्त वेळ वर आलं नाही, की काठावरचा जीवरक्षक असाच बघतो.

"बहीण ना तुमची?" त्यांनी विचारलं.

"मोठी बहीण. तिनेच वाढवलंय मला."

"काका, रक्त सात पस्तीस ते सात पंचेचाळीसच्या मध्ये असतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं. सात वीसला आम्ही धावायला लागतो. आणि सहा ऐंशीच्या खाली गेलेलं माणूस परत आणणं फार कठीण." एवढं सांगून त्या पडद्याआड गेल्यासुद्धा.

माझ्या तपासणीच्या डबीत सर्वांत खालचा रंग सहा ऐंशीचाच असतो, पिवळाधमक. त्याच्या खाली डबीला काही कळतच नाही. मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते मी दहा वेळा वाचलं. सात पस्तीस ते सात पंचेचाळीस! आम्हा तलाववाल्यांना सात वीस ते सात साठ अशी ऐसपैस मोकळीक असते, आणि तीसुद्धा आमच्याने पाळवत नाही. माझ्याकडे दोन पंप आहेत, वाळूचे तीन मोठे गाळणे आहेत, आम्लाचे कॅन आहेत, सोड्याची पोती आहेत, मी स्वतः आहे, आणि तरी रविवारी दोनशे माणसं डुंबून गेली की आकडा सैरभैर होतो. दुसऱ्या दशांशाच्या तर आम्ही वाटेलाच जात नाही. आणि ताईने त्रेसष्ट वर्षं दुसरा दशांश सांभाळला. जिने चढताना, तापात, उपाशीपोटी, झोपेत. शरीर दिवसभर स्वतःच आम्ल तयार करत असतं म्हणे, चालणाऱ्या प्रत्येक स्नायूतून, पचणाऱ्या प्रत्येक घासातून; आणि ते तयार होतं त्याच वेगाने आवरलंही जातं, कुणाची सही न घेता. मला त्या बाकावर बसून, अशा वेळी, आपली बहीण पडद्याआड असताना, कौतुक वाटत होतं. भीतीबरोबर कौतुक वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

ताई माझ्या खालच्या मजल्यावर राहते. परिवहन मंडळाच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर तिने एकतीस वर्षं काढली. त्या खिडकीवर कोणी हसत येत नाही. छत्री बसमध्ये स्वतः विसरायची आणि खिडकीवर येऊन आरडाओरडा करायचा, जणू ताईनेच ती पळवली. एकदा एका गृहस्थांची दातांची कवळी सापडत नव्हती, ते बोळक्या तोंडाने तिला अर्धा तास शिव्या देत होते आणि ताई कान पुढे करून म्हणत होती, "परत सांगा, नीट कळलं नाही." संध्याकाळी घरी येऊन तिने आम्हाला त्याची नक्कल करून दाखवली. त्याआधीही घरात तीच खिडकी होती. बाबांचा राग म्हणजे जमदग्नीचा अवतार, आणि आई गेल्यानंतर त्याला बांधच उरला नव्हता. मी शाळेत नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तक तिने त्यांच्या हातात दिलं, मी नाही. ते दीड तास बोलले. ती उभी होती. मग आत येऊन तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "झालं, बेडक्या. आता अभ्यास कर." तिचा आवाज जराही बदललेला नव्हता. मला वाटायचं, तिला काही होतच नाही. काहीकाही माणसं अशीच असतात, वाटायचं, त्यांना लागतच नाही.

माझ्या आधी तलावावर जे होते त्यांना सगळे क्लोरीनकाका म्हणत. मी नवा असताना एक उन्हाळा असा आला की दीड महिना आकडा सात चाळीसवरून ढळलाच नाही. रोज सकाळी डबीतल्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, रंग बघायचा, सात चाळीस, सही. मी मिशीला पीळ देत फिरत होतो. मग एका मंगळवारी नेहमीसारखं अर्धा कॅन आम्ल टाकलं आणि पाणी कोसळलं. उतरलं नाही, कोसळलं. डबीत पिवळं, पुन्हा पिवळं. पोरांचे डोळे चुरचुरायला लागले, शिडीचे नट गंजले, तलाव तीन दिवस बंद. काका सुट्टीवरून परत आले, त्यांनी माझी वही उघडली आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रकाना दीड महिना कोरा होता. "रंग बघितलास रे, धीर कुठं बघितलास?" ते म्हणाले. पाण्यात विरघळलेला सोडा असतो; तुम्ही आम्ल टाकाल ते तो गपगुमान गिळतो आणि आकडा हलू देत नाही. त्याला काका पाण्याचा धीर म्हणायचे. तो मोजायची रीत वेगळी. हिरव्या केलेल्या पाण्यात आम्लाचे थेंब एकेक करून सोडायचे आणि ते लाल व्हायच्या आत किती थेंब सोसले ते मोजायचं. वेळखाऊ काम. मी कंटाळा केला होता. "जोवर धीर आहे तोवर आकडा छानच दिसणार," काका म्हणाले. "संपला की एक थेंब पुरतो. आणि तू म्हणणार, काल तर ठीक होतं!"

काल तर ठीक होतं, असं मीही डॉक्टरांना म्हणालो होतो. आमची एक पद्धत आहे. पहाटे साडेपाचला जिना उतरताना मी तिच्या दाराशी ओरडतो, "ताई, ठीक?" आतून आवाज येतो, "ठीक!" आणि मी पुढचा जिना उतरतो. कित्येक वर्षं हे चाललंय. शनिवारी ठीक, रविवारी ठीक. शनिवारपासून तिला उलट्या होत होत्या हे मला सोमवारी कळलं, आणि पोटात काही ठरत नाही म्हणून तिने इन्शुलिनचं इंजेक्शन घेणंच बंद केलं होतं हे तर इथे आल्यावर कळलं. बारा वर्षं मधुमेह आहे. "खाल्लंच नाही तर औषध कशाला?" तिने डॉक्टरांना अडखळत सांगितलं. हिशेब वरवर बिनचूक होता. पण आजारात शरीराला इन्शुलिन लागतंच, जेवा नाहीतर उपाशी राहा. ते नसलं की साखर रक्तात पडून राहते, पेशी उपाशी मरतात, आणि शरीर चरबी जाळून गुजराण करायला लागतं. त्या जाळण्याचा धूर म्हणजे आम्ल. घरभर आम्ल.

सोमवारी तलाव सफाईसाठी बंद असतो, म्हणून त्या दिवशी उशिरा, आठ वाजता उतरलो. "ठीक?" उत्तर आलं नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती आणि श्वास घेत होती. नुसता श्वास घेत होती, बाकी काहीच करत नव्हती; खोल, भरभर, भात्यासारखा, एकामागून एक. "पित्त झालंय रे," दोन श्वासांच्या मध्ये कसंबसं म्हणाली. तर मी काय केलं? मी नवशिक्यांना पोहायला शिकवतो. पाण्याला घाबरलेलं माणूस असंच धापा टाकतं, आणि त्याला काय सांगायचं ते मला झोपेतही येतं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "माझ्याकडे बघ. घाबरायचं नाही. चार मोजेपर्यंत घे, धर, सहा मोजेपर्यंत सोड." आणि मोजायला लागलो. तिने मान डोलवली. तिने ओठ मिटले, डोळे मोठे केले, दोनपर्यंत आली आणि श्वास सुटला. पुन्हा. तीनपर्यंत. पुन्हा. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. चाळीस मिनिटं मी मोजत होतो, आणि खरं सांगायचं तर शेवटी चिडलो होतो. "ताई, तू लक्षच देत नाहीस!" असं म्हणालो. ताईला! मग तिची मान कलायला लागली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला की हे पित्त नाही. तिला कसं खाली नेलं, टॅक्सी कशी मिळाली, मला सलग आठवत नाही. तातडीच्या विभागात डॉक्टर तिच्याजवळ वाकल्या आणि लगेच म्हणाल्या, "श्वासाला वास येतोय. पिकलेल्या फळासारखा. घरी लक्षात आला नाही का?" मला कोणताच वास येत नाही. सव्वीस वर्षं क्लोरीनमध्ये काढल्यावर नाक शोभेपुरतं उरतं. नोकरी लागली तेव्हा ताई तलाव बघायला आली होती, पाण्याची तिला भीती, पण काठावर बसून तिने पाय सोडले होते आणि म्हणाली होती, "निळं छान आहे रे, पण वास केवढा! तुझं नाक जाईल." गेलं.

बाकावर बसून मी हा श्वास ऐकत होतो. पडद्याआडूनही तो ऐकू येत होता, तसाच, न थकता. आणि ऐकता ऐकता मला आमचा फवारा आठवला. लहान मुलांच्या उथळ तलावात एक फवारा आहे. तो दिवसभर चालू ठेवला की पाण्याचा आकडा आपोआप वर चढतो. पाण्यात विरघळलेली आंबट हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, फवाऱ्यातून उडून जाते, एवढंच. हे मी स्वतः नव्या माणसांना शिकवतो. "पाणी आंबट वाटलं आणि सोडा संपला असेल तर आधी फवारा सोडा, तेवढाच आधार," असं मी फळ्यावर लिहितो. माझ्या अक्षरात लिहितो! मी उभा राहिलो, परत बसलो. म्हणजे ती धापा टाकत नव्हती. तिचा सोडा संपला होता, दोन दिवस एकेक थेंब सोसून संपला होता, आणि तिच्या शरीराने फवारा सोडला होता, पुऱ्या जोरात, उरलासुरला आकडा धरून ठेवायला. आणि मी, सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूस, समोर स्टुलावर बसून तो फवारा बंद करायला निघालो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेतल्या कळशाने मी तिला बुडवत होतो.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. आत ठेवणं शक्यच नव्हतं. "मी तिला श्वास हळू घ्यायला लावत होतो," म्हणालो.

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन तिच्यावरचा दुसरा आकडा दाखवला. "हा बायकार्बोनेट. चोवीस हवा, सहा उरलाय. एवढ्यावर हा वरचा आकडा सहा ऐंशीच्याही खाली असायला हवा होता. नाहीये, कारण त्यांनी श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आणून ठेवलाय. त्या श्वासावरच त्या इथवर आल्यात, काका."

चोवीसातले सहा. हा तोच सोडा, वहीतला दुसरा रकाना. मी विचारलं, "मग तुम्ही सोडा का घालत नाही? शिरेतून देता येत असेल ना?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. "तुमचं काम काय?"

"तलाव सांभाळतो. पाणी."

"मग बरोबर विचारलंत. पण तुमचं पाणी स्वतःसाठी काही करत नाही. हे करतं. आम्ही इन्शुलिन देतो, पाणी देतो, क्षार देतो. आम्लाचा नळ बंद झाला की रक्तात साचलेल्या त्याच आम्लाचा मेंदू-स्नायू परत सोडा करतात, आणि जो लघवीतून वाहून गेला तो मूत्रपिंडं नवा बनवतात. त्यांना दिवस लागतात, ती सावकाश कामवाली आहेत. पण करतात. फारच खाली गेलं तरच आम्ही मध्ये पडतो."

त्या आत गेल्या. आम्लाचाच परत सोडा! माझ्या तलावात असं झालं असतं तर मी पाण्याच्या पाया पडलो असतो. तीन गडी कामाला. पहिला रक्तातला सोडा, जो त्या क्षणी गिळतो. दुसरी छाती, जी मिनिटांत हजर होते. तिसरी मूत्रपिंडं, जी दोन-तीन दिवसांनी येतात पण काम पक्कं करून जातात. आणि या तिघांतल्या एकानेही कधी ताईला हाक मारून म्हटलं नाही की बाई गं, आज फार झालं. ताईचीच माणसं ती, तिच्यासारखीच वागणार. मला रडू आलं, आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. दुपारी एकला चिठ्ठी आली, सात पंधरा. चारला सात बावीस. मी त्या आकड्यांशी मनात बोलत होतो, चढ, बाबा, चढ. सात तीस यायला अंधार पडला, आणि श्वास हळू झाला. कोणी मोजलं नाही, कोणी सांगितलं नाही; गरज संपली तसा तो आपणहून उतरत गेला, आणि तो ऐकू येईनासा झाल्यावर मी घाबरून पडद्याच्या फटीतून बघितलं. तिची छाती इतकी सावकाश हलत होती की मला नजर रोखून बघावं लागलं. झोपली होती.

सकाळी सात सदतीस. नर्सबाईंनी चिठ्ठी दाखवली आणि मला आत सोडलं. ताई उशीला टेकून बसली होती, ओठ फुटलेले, दोन्ही हातांना नळ्या. मला बघून तिने आधी माझ्या शर्टाकडे बघितलं. "हाच शर्ट कालपासून?" म्हणाली.

मी स्टूल ओढलं. तेच कालचं स्टूल असल्यासारखं वाटलं. "ताई," मी म्हणालो, "काल मी—"

"मी प्रयत्न केला रे," ती मध्येच म्हणाली. आवाज बसलेला होता. "तू मोजत होतास ते सगळं ऐकू येत होतं. चारपर्यंत न्यायचा फार प्रयत्न केला. पण छाती ऐकेचना. तू चिडलास तेव्हा वाईट वाटलं. म्हटलं, एवढं साधं सांगतोय, तेसुद्धा आपल्याला जमू नये."

म्हणजे मरत असतानाही ती माझं ऐकायला बघत होती. उभ्या जन्मात तिने कुणाचं ऐकलं नाही असं झालं नाही. बाबांचं, खिडकीवरच्या प्रत्येकाचं, माझं. तिच्यात ऐकलं नाही ते फक्त त्या छातीने. त्या एका अडेल छातीने चाळीस मिनिटं माझा एकही आकडा जुमानला नाही, आणि म्हणून ही इथे बसून माझ्या शर्टाला नावं ठेवत होती.

"मी चुकीचं सांगत होतो, ताई," मी म्हणालो. "तो श्वास बरोबर होता. मी चुकीचा होतो."

"अस्सं." ती म्हणाली. "मग बरं झालं म्हणायचं."

"आता कशी आहेस?"

"ठी—" ती म्हणाली, आणि थांबली. पुढच्या जिन्याची घाई नव्हती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, पाणी लाल होण्याची वाट बघतो तसा.

"तहान लागलीय," ती म्हणाली. "पाठ मोडलीय. या नळीची जागा चुरचुरतेय, आणि त्या पलीकडच्या बाईने रात्रभर घोरून डोकं उठवलंय." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. तिचा आवाज बदलला होता. चोपन्न वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकत होतो. "आणि तुझा राग आलाय मला. शनिवारी तू दाराशी ओरडलास, ठीक? मी म्हटलं, नाही रे. हळूच म्हटलं, पण म्हटलं. तू तोवर पुढचा जिना उतरला होतास. मग रविवारी म्हटलं, कशाला."

बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं.

"अजून?" मी विचारलं.

"अजून खूप आहे," ताई म्हणाली.

"सांग," मी म्हणालो, आणि स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.